खंडेनवमीला घासलेलं पिस्तूल

अख्ख्या सोलापुरात माझ्याइतका जबाबदार बंदूकवाला दुसरा नाही. छाती ठोकून सांगतो! बंदूक म्हणजे एअरसॉफ्ट. दिसायला हुबेहूब पोलिसाचं पिस्तूल, आत प्लॅस्टिकचे छर्रे. खेळणं आहे हे बघणाऱ्याला कळावं म्हणून नळीच्या टोकाला नारिंगी रंग असतो. काही दिवटे ते टोक काळं करून रीलमध्ये मिरवतात. अशांना भर चौकात उठाबशा काढायला लावल्या पाहिजेत! माझं पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप. डोळ्यांवर गॉगल चढवल्याशिवाय चापाला बोट लावत नाही.

खंडेनवमीला मात्र कुलूप काढलं.

"हत्यार हाय म्हणतूस, मग पूजेला दे की!" आई म्हणाली.

विळी, कात्री, शिलाई मशीन आणि शेजारी माझं पिस्तूल! लई भारी वाटलं. आईच्या हातात दिलं आणि झेंडू आणायला गेलो.

परत येतो तर पाटावर हळदकुंकू लावलेलं पिस्तूल आणि समोर अक्कलकोटचे रुद्रप्पा! माझी बहीण चंद्रिका त्यांच्या मुलाशी महिनाभर फोनवर बोलत होती. आज सोयरीक पक्की व्हायची होती. रुद्रप्पांनी पोह्यांची बशी ढालीसारखी छातीशी धरली होती.

"ख... खरं हाय व्हय?"

"छे हो मामा, खेळणं! हे नारिंगी टोक बघा!" मी पिस्तूल उचललं.

टोक काळंकुळीत!

"आई, रंग कुठं गेला?"

"रंग कसला? गंज हुता त्यो! चिंच लावून तारेच्या घासणीनं घासला. हात भरून आले माझे!"

"मामा, आत नुसतं प्लॅस्टिक..."

"नळी तिकडं कर, बाबा!" रुद्रप्पा कपाटाला पालीसारखे चिकटले. "पोरगी पसंत हाय! मानपान नको, कायबी नको!"

"अण्णा, खाली ठेव ते!" चंद्रिका किंचाळली.

ठेवायचं सोडून मला पुरावा द्यायची खुमखुमी आली. गॉगल पेटीतच राहिला. भिंतीवर नेम धरून चाप ओढला. छर्रा भिंतीवरून उसळून समईवर टण्ण, तिथून ताटावर टण्ण, तिथून रुद्रप्पांच्या टकलावर टप्प!

"अय्यो शिवा, मेलो!" ते आडवेच झाले.

रक्ताचा थेंब नाही. टेंगूळ मात्र बोराएवढं! आईनं त्यावर हळद थापली. चंद्रिका कोपऱ्यात हुंदके देत होती. रुद्रप्पा उठून बसले, तिच्याकडं बघून विरघळले.

"सोयरीक मोडत न्हाय. पण एक अट हाय. पोरीच्या भावानं लग्नाला यायचं न्हाय!"

मी आईकडं बघितलं. पोटचा पोरगा मी, आता भांडेल माझ्यासाठी!

"एवढंच व्हय?" आई म्हणाली. "दिला की शब्द! च्या घ्या."

लग्न मी घरी बसून व्हिडिओ कॉलवर बघितलं. अक्षता मोबाइलच्या काचेवर टाकल्या. स्क्रीनवर माझं तोंड दिसलं की तिकडं मंडपात रुद्रप्पा खुर्चीमागं वाकत होते!