मी बांधलेली पाऊण इंच वाट

मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात मुलीने फर्मान काढलं, "बाबा, आता घर विका आणि तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला या." त्या आठवड्यात मी किल्ली आत ठेवून घराचं दार ओढून घेतलं होतं. (दोनदा. पण दुसऱ्यांदा वारा होता.)

"आम्ही काय म्हातारे झालो?" मी फोनवर उसळलो. "अगं, डोंगरातल्या तळ्याला एका दिवसात पायी फेरी मारून दाखवतो आम्ही!"

तळ्याचा विषय कुठून आला, ते मलाही ठाऊक नाही. पण माझी मुलगी वकील आहे. तिने वाक्य जागच्या जागी पकडलं.

"चौदा किलोमीटर आहे ते. मारा फेरी. मध्येच मला फोन करायचा नाही, गाडी बोलवायची नाही, आणि साडेपाचच्या बसने परत यायचं. जमलं तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर सामान बांधायचं."

"मंजूर!" मी म्हणालो. फोन ठेवल्यावर पाहिलं तर बायको दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मी या काहीच न बोलण्याचा अर्थ नेहमी 'हो' असा धरत आलो आहे.

रविवारी सकाळी साडेसातला बसमधून उतरलो. मी उतरताक्षणी नकाशा उलगडला. (बायको मागे कंडक्टरशी काहीतरी बोलत होती. बायका कोणाशीही बोलतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.) आता नकाशा म्हटला की माझी छाती फुगते. एकतीस वर्षं मी नकाशा ऑफिसात ट्रेसर होतो. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावर सर्व्हेअरचा मूळ कागद, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि हातात शाईचं पेन. रस्ता म्हणजे सलग रेघ, पायवाट म्हणजे ठिपके. या तळ्याचा नकाशाही मीच काढलेला. तळं मात्र आजच पहिल्यांदा बघत होतो.

"आता उजवीकडे ओढा लागेल," मी जाहीर करायचो, आणि ओढा लागायचा. "आता चढ." चढ यायचा. डोंगर मला विचारून वागत असल्यासारखं वाटत होतं. पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडची झाडं त्यात उलटी उभी दिसत होती. बायको अधूनमधून थांबून बघायची आणि मी घड्याळ बघायचो.

साडेअकराला अर्धी फेरी झाली. एका सपाट दगडावर डबा उघडला. पाय मोकळे सोडल्यावर माणूस खरं बोलतो म्हणतात. मी म्हणालो, "अगं, एक सांगू? मला भीती वाटते. मुलीकडे गेलो तर मी पाहुणा होईन. सकाळी उठून कोणत्या खुर्चीत बसायचं, ते विचारावं लागेल मला."

तिने माझ्या पुढ्यात आणखी एक पोळी ठेवली. मग म्हणाली, "आणि मला काय वाटतं?"

"तुला? तुला माझ्यासारखंच वाटत असणार की."

"असणार! तुम्ही पैज लावलीत, लेकीने अटी घातल्या. घर माझंही आहे ना? मला कोणी विचारलं का?"

घास माझ्या तोंडातच राहिला. खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी फार ओशाळलो आणि म्हणालो, "विचारतो. काय वाटतं तुला?"

"जायचं नाही मला," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून पहिला चहा प्यायचा असतो मला. पण हे विचारायला तुम्हाला सात किलोमीटर चालावं लागलं."

आता तर पैज जिंकायलाच हवी होती. मी ताडताड पुढे निघालो, एक वळण घेतलं, आणि वाट संपली.

संपली म्हणजे संपलीच. पुढे काळा कडा सरळ पाण्यात उतरलेला. त्याच्यावरून बकरीसुद्धा गेली नसती. मी नकाशा बघितला, कडा बघितला. नकाशात ठिपके पुढे तुरुतुरु चालले होते.

"कोणत्या गाढवाने काढलाय हा नकाशा?" मी ओरडलो.

माझा आवाज कड्यावर आपटून परत आला आणि माझ्याच अंगावर पडला. एकदम सगळं आठवलं. बावीस वर्षांपूर्वीचा शनिवार. सर्व्हेअरच्या मूळ कागदावर ठिपके एका जागी तुटले होते. पुढे पाऊण इंच कोरी जागा, आणि मग पुन्हा ठिपके. आमच्या हेडसाहेबांना अर्धवट रेघ खपत नसे. शंका असेल तर सर्व्हेअरला पत्र पाठवायचं, उत्तराची वाट बघायची, असा नियम होता. मी घड्याळ बघितलं होतं. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती. मी अकरा ठिपके दिले आणि डबा खायला गेलो.

पाऊण इंच म्हणजे जमिनीवर जवळजवळ एक किलोमीटर.

बायकोला सगळं कबूल केलं. आलो त्याच वाटेने परत फिरावं, तर पाय बोलायला लागले होते आणि साडेपाचची बस मिळेल याचा भरवसा नव्हता. बावीस वर्षांपूर्वी पाच मिनिटं वाचवली होती, त्यात आमचं घर चाललं होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

"चला," ती शांतपणे म्हणाली. "खाली चहा मिळेल."

"इथे? चहा?"

कड्याच्या अलीकडे, खाली पाण्याकाठी खरोखरच टपरी होती. आत एक म्हातारी किटली घेऊन बसलेली, आणि बाहेर तिचा नवरा होडीतलं पाणी उपसत होता.

"नकाशावालेच ना?" म्हातारीने हसून विचारलं. "या, बसा. इथवर आलेला माणूस दमलेला असतो आणि चिडलेलाही. आधी चहा पाजायचा, मग हे होडीतून पलीकडे सोडतात. या नकाशावर वीस वर्षं चूल पेटली बघा आमची. ज्याने काढला, त्याचं भलं होवो!"

"काढणारे हेच," बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीने मला दुसरा कप दिला. एकतीस वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

होडीत मी बायकोला विचारलं, "तुला टपरीचं कसं माहीत?"

"सकाळीच कंडक्टरला विचारलं होतं. पुढे वाट नाही, चहाची टपरी आणि होडी आहे म्हणाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या आनंदात नकाशा उलगडत होतात," ती म्हणाली, आणि पाण्यात हात बुडवून बसली. तिचा दुसरा हात मी धरला. म्हाताऱ्याने तेवढ्यापुरतं तोंड फिरवून वल्हं मारलं.

बस मिळाली. घरी पोचल्यावर बायकोने मुलीला स्पीकरवर फोन लावला. मी खुणा करत होतो, की होडीचं सांगू नकोस. तिने सगळं सांगितलं. कंडक्टर, कडा, अकरा ठिपके, काहीच गाळलं नाही.

पलीकडे मुलगी आधी पोटभर हसली. मग वकिली आवाजात म्हणाली, "होडी चालेल. अटीत गाडी होती, होडी नव्हती. आई व्यवस्थित राहू शकते, माझी खात्री पटली. ती तिथेच राहील. बाबांची खोली मी उद्या झाडून ठेवते."

मी हसलो. बायको हसली नाही. "थांब," ती फोनवर म्हणाली, "विचार करून कळवते."

आज चौथा दिवस. ती अजून विचार करते आहे, आणि सकाळचा पहिला चहा मी खिडकीशी नेऊन देतो आहे.