भागाबाईचा घसा आणि शेठजींचं लिंबू

बाळांनो, आधी एक सांगा. विश्वास कुणावर ठेवावा? जो शिक्का दाखवतो त्याच्यावर, जो गोड हसतो त्याच्यावर, की आपल्या नाकावर?

घाई करू नका. बाजारात उभा जन्म काढलेल्या माणसाला विचाराल, तर तो म्हणेल, गूळ घेताना गुळवाल्याच्या तोंडाकडे बघू नये, माश्यांकडे बघावं. ज्या ढेपेवर माशी बसायला तयार नाही, ती ढेप घरी नेऊ नये. कारण सोपं आहे. माशीला कुणी कमिशन देत नाही.

पण ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, तिथे माश्यांना विचारायची पद्धत नव्हती.

तर त्या जंगलात भागाबाई नावाची एक भेकरीण राहायची. भेकरीण म्हणजे लहानशी हरणी, पण आवाज असा की डोंगर दचकावा. तिचं काम एकच. उंबराच्या वळणावर उभं राहायचं आणि बिबट्या दिसला की ओरडायचं, ‘भॉक्!’ एक भॉक् आली की सगळं जंगल क्षणात पसार. ससे बिळात, वानरं शेंड्यावर, चितळं नदीपार. बिबट्या बिचारा पोट चोळत परत जायचा. भागाबाईच्या आईने हेच काम केलं, आजीने हेच केलं. पगार नव्हता, पण मान होता. बारशाचा पहिला घास भागाबाईला.

मग जंगलात गाड्या आल्या.

गाड्या आणल्या तरसशेठनी. तरसशेठ नेहमी हसतमुख. ओळखीचा भेटो की अनोळखी, दात आधी बाहेर, शेठ मागून. त्यांची गाडी करंजीच्या तेलावर चालायची आणि मागे एक धुराडं होतं.

“धुराडं आहे, पण धूर नाही!” शेठ सांगायचे. “हुंगून बघा. वाळ्याचा वास येतो. आमच्या गाडीमागे उभं राहणं म्हणजे उन्हाळ्यात माठातलं पाणी पिणं.”

जंगलचा तपासनीस होता अस्वल. त्याच्याइतकं तयार नाक पंचक्रोशीत नव्हतं. प्रत्येक गाडी त्याच्यापुढे उभी राहायची, तो धुराड्याला नाक लावायचा, आणि पास झाली की पंजाचा शिक्का मारायचा. फक्त त्याचा एक शिरस्ता होता. गाडीच्या तोंडाशी नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची टांगलेली असायची, ती आधी काढून ठेवायची. मिरचीने अस्वलसाहेबांना शिंका यायच्या आणि शिंकणाऱ्या नाकाने सरकारी काम होत नाही.

लिंबू-मिरची काढली जायची, अस्वल हुंगायचा, वाळ्याचा घमघमाट यायचा. पास! लिंबू-मिरची पुन्हा आकड्याला, गाडी रस्त्याला.

बघता बघता घरोघरी गाड्या झाल्या. उंबराच्या वळणावरून दिवसभर त्यांची रांग. आणि भागाबाईला खोकला लागला.

साधा नव्हे. भेकराचा खोकला आणि भेकराची हाक यांत फरक तो किती! ती ‘खॉक्’ करायची आणि सगळं जंगल ‘भॉक्’ समजून पळायचं. मंडळी ताटावरून उठायची. एकदा तर चितळांच्या लग्नात अक्षता पडायच्या आत नवरामुलगा नदीपार. तो परत यायला तयार होईना, ते कारण वेगळं होतं म्हणतात.

“भागाबाई, हे बरं नाही,” मंडळी म्हणाली.

“अगं बाई, मी मुद्दाम करते का? छातीत धूर भरलाय माझ्या!”

“धूर? कुठला? गाड्यांवर शिक्का आहे.”

हळूहळू मंडळींनी पळणं सोडलं. वळणावरून आवाज आला की म्हणायचे, खोकत असेल. भागाबाईची झोप उडाली ती इथे. खोकला सोसला असता. पण उद्या खरोखर बिबट्या आला, ती जीव तोडून ओरडली आणि कुणी मानच वर केली नाही तर? आईने आयुष्यभर राखलेलं जंगल आपल्या देखत रिकामं व्हायचं.

तिने औषधं केली. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला. शेजारच्या कासवीण आजी म्हणाल्या, “लिंबू चोख गं, घसा सुटेल.”

लिंबू कुठून आणायचं? तेवढ्यात धोंडजी ससा आपली गाडी घेऊन वळणावर थांबला. इंजिन चालूच. धुराडं असं काळं ओकत होतं की उंबर दिसेना. धोंडजी उतरून कोवळी दूर्वा खात बसला. भागाबाईने मान लांब केली आणि त्याच्या गाडीचं लिंबू मिरच्यांसकट ओढून घेतलं.

फस्स! धूर बंद. धुराड्यातून वाळ्याचा सुगंध.

भागाबाई लिंबू चोखायची थांबली. तिने लिंबू पुन्हा आकड्याला लावलं. भक्! काळा धूर. काढलं. वाळा. लावलं. धूर.

“ए भागाबाई! माझ्या गाडीशी काय खेळ चाललाय?” धोंडजी धावत आला. “नजर लागेल ना!”

“धोंडजी, इकडे ये. नाक लाव इथे. आता बघ हं.”

धोंडजीने हुंगलं, खोकला, पुन्हा हुंगलं. त्याचे दोन्ही कान ताठ झाले. गोष्ट अशी होती की लिंबाच्या वजनाने आकडा खाली ओढला जायचा आणि आत एक झाकण उघडायचं. मग धूर वाळ्याच्या गाळणीतून न जाता थेट बाहेर. गाळणीचा अडथळा गेला की गाडी कशी वाऱ्यासारखी पळायची! लिंबू काढलं की आकडा वर, झाकण बंद, गाडी साधूसारखी. आणि अस्वलासमोर ती कायम साधूच असायची.

“म्हणजे शेठने मला फसवलं!” धोंडजी ओरडला.

“आणि मला?” भागाबाई म्हणाली. पण तोवर तो वकिलाकडे धावत सुटला होता.

वकील होते साळिंदर. पाठीवरचा काटा उपसायचा आणि त्यानेच लिहायचं, असा खाक्या. जितकं मोठं प्रकरण तितके काटे कमी, पण पोट मोठं. त्यांनी झाडून सगळ्या गाडीवाल्यांची एकच फिर्याद लावली. खटला चालला न्यायमूर्ती गव्यांसमोर. गवेसाहेब एवढे भारदस्त की ते नुसते उठून उभे राहिले तरी निकाल लागल्यासारखं वाटे.

अस्वलाने साक्ष दिली. “मी हुंगलं तेव्हा वाळाच होता. मी न हुंगलेल्याची जबाबदारी माझी नाही.”

तरसशेठ हसत उभे राहिले. “साहेब, आमची चूक झाली असं आम्ही म्हणत नाही. झाली नाही असंही म्हणत नाही. खालच्या कुणा कारागिराने आकडा वाकडा बसवला असेल. पण गिऱ्हाईक म्हणजे देव. देव रुसला तर नैवेद्य दाखवावा. तडजोड करू.”

तडजोड झाली. प्रत्येक गाडीवाल्याला मोहाच्या फुलांच्या दोन टोपल्या. त्यातली एक साळिंदर वकिलांची. शिवाय एक कुपन: तरसशेठची पुढची गाडी घेतल्यास घसघशीत सूट. वर जंगलच्या सरकारात, म्हणजे दरबारात, शेठनी मोठा दंड भरायचा. दरबाराने दंडाच्या पैशातून अधिकाऱ्यांना नवीन गाड्या घेतल्या. कुणाच्या, हे विचारू नका. जंगलात गाड्या बनवणारं दुसरं होतं कोण?

शेवटी भागाबाई पुढे आली.

“साहेब, माझं काय?”

“तुमची गाडी कोणती?” गवेसाहेबांनी विचारलं.

“गाडी नाही. माझा घसा आहे.”

“पावती?”

“घशाची पावती कुठून आणू, साहेब? आईने दिला.”

“हे पाहा बाई,” गवेसाहेब समजुतीने म्हणाले, “या गाडीवाल्यांनी सुगंधी गाडीचे पैसे मोजले आणि यांना मिळाली धुराची. यांचं नुकसान झालं.”

“आणि तो धूर मला मिळाला, साहेब.”

“फुकटच ना? मग? फुकट मिळालेल्या मालाबद्दल तक्रार चालत नाही.”

सगळे हसले. साळिंदर वकिलांनी एवढं मनापासून मान डोलावली की शेजारच्याला काटा लागला. गवेसाहेब मनाने वाईट नव्हते. जाता जाता म्हणाले, “बाई, एखादी मोडकी गाडी घेऊन ठेवायची होती. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.”

“मला टोपली नको, कुपन नको,” भागाबाई म्हणाली. “नुसती ती लिंबं काढा. मला ओरडायचंय.”

ते मात्र लगेच मान्य झालं. हुकूम सुटला, लिंबं काढा. निघाली. वळणावर चार दिवस वाळ्याचा वास दरवळला. भागाबाईचा घसा जरा मोकळा होऊ लागला.

पण लिंबाशिवाय गाडी रेंगाळायची. धोंडजीला पायी चालणाऱ्या कासवीण आजींनी मागे टाकलं आणि वर विचारलं, “सोडू का रे कुठे?” सशाच्या जातीला ही जखम जुनी. त्याने त्याच संध्याकाळी लिंबू पुन्हा टांगलं. त्याचं बघून सगळ्यांनी टांगलं.

“अरे, तूच ना फिर्याद लावलीस?” भागाबाईने विचारलं.

“फसवलं म्हणून लावली,” धोंडजी म्हणाला. “आता कुठे फसवणूक आहे? आता मला सगळं माहीत आहे.”

आणि मोहाची टोपली मांडीवर घेऊन तो वाऱ्यासारखा गेला. मागे उंबर दिसेना.

तडजोडीच्या आनंदात तरसशेठनी जंगलभर मिरवणूक काढली. नवी गाडी, पुढे पिपाण्या, आकड्याला पोपटाएवढं लिंबू. मिरवणूक वळणावर आली तेव्हा भागाबाईने वर पाहिलं. उंबराच्या फांदीवर बिबट्या. शेपटी हलतेय, डोळे शेठवर.

शेठ तिचे कुणी लागत नव्हते. पण हाक देताना समोर कोण आहे हे पाहायचं नाही, असं आईने शिकवलं होतं. तिने छाती भरून घेतली. भरला तो धूर. ओरडली ते आलं,

“खॉक्! खॉक्!”

शेठ हसले. “भागाबाई, प्रकरण मिटलं ना! आता कशाला खोकता? निकालाचा मान ठेवा.”

“अहो वर... खॉक्... वर बघा!”

“वरच्या कोर्टात जाता? जा की!”

बिबट्याने उडी घेतली. शेठची मागची बाजू त्याच्या पंजात आली. पण गडी उतरला तो नेमका तापल्या धुराड्यावर. पाय भाजला तसा शेठना टाकून डरकाळत पळाला. शेठ वाचले. मात्र मागची बाजू जी खाली गेली ती गेलीच. आजही तरस बघाल तर पुढून उंच, मागून बसका. हसू तेवढं टिकलं.

शेठनी चार दिवस पालथं पडून विचार केला. पाचव्या दिवशी कारागिरांना बोलावलं. “जंगलातल्या एकूण एक गाडीचा आकडा उपटा. झाकण कायमचं ठोकून बंद करा. आजच!”

“शेठ, गिऱ्हाईकं ओरडतील. गाडी पळत नाही म्हणतील.”

“ओरडू देत. ती बाई ओरडली पाहिजे! कोर्टाचं काय, कोर्टाला टोपल्या देता येतात. बिबट्या कुपन घेतो का?”

आकडे गेले. झाकणं बसली. आठवड्याभरात उंबराची पानं पुन्हा हिरवी दिसू लागली. भागाबाईने एका पहाटे हळूच घसा साफ करून बघितला आणि स्वतःच दचकली.

दरबाराला ही गोष्ट फार आवडली. आकडे उपटायचा कुठलाही हुकूम नसताना, आपखुशीने, स्वखर्चाने जंगलाची हवा स्वच्छ करणारा उद्योजक! तरसशेठचा जाहीर सत्कार ठरला. अध्यक्ष गवेसाहेब, प्रास्ताविक साळिंदर वकील. अस्वलसाहेबांनी हवा हुंगून तिलाही शिक्का मारला. भागाबाईला स्वागतगीताला बोलावलं होतं. आवाज सुटलाय म्हणे.

गवेसाहेबांनी शाल उलगडली. शेठनी मान झुकवली. भागाबाई माईकपाशी आली, समोर बघितलं, मग मंडपाच्या मागच्या करवंदीच्या जाळीकडे बघितलं, आणि स्वागतगीत राहिलं बाजूला.

“भॉक्!”

काय आवाज तो! आईचा, आजीचा, सगळ्यांचा एकत्र. धोंडजी गाडी तिथेच टाकून चार पायांवर सुटला, आणि गाडीपेक्षा लवकर घरी पोचला. वकिलांचे उरलेले काटे खुर्चीत राहिले. शेठ बसक्या चालीने सर्वांच्या पुढे.

बिबट्या जाळीतून बाहेर आला. मंडप रिकामा. त्याने खुर्च्यांच्या रांगांतून एक फेरी मारली, शाल हुंगली, नारळ पायाने लोटून पाहिला, आणि उपाशी परत गेला. पलीकडच्या टेकाडावरून भागाबाई त्याला जाताना बघत होती. घसा दुखत नव्हता.

तात्पर्य: धुराची भरपाई हवी असेल तर आधी धूर सोडणारी गाडी विकत घ्यावी, नुसता श्वास घेणाऱ्याला पावती मिळत नाही. आणि कारखानदाराला सन्मार्गावर आणायचं असेल, तर कायद्यापेक्षा त्याच्या घरामागे एखादा बिबट्या पाळलेला बरा.

आणि बाळांनो, उद्या तुम्हीही दुकान टाकाल, कारखाना काढाल, गाडी घ्याल. तेव्हा एक विनंती आहे. हिशोब चोख ठेवा. जमा जशी हौसेने लिहिता, तसा खर्चही लिहा, आणि आपल्या धुराड्यातून निघून दुसऱ्याच्या छातीत जाऊन बसलं ते आपल्याच नावे टाका. ते तपासायला कुणी येणार नाही. म्हणूनच तर तुम्हाला सांगतोय.