पंचेचाळीस दिवसांची उबवण

भावनाला खिडकीवरून उठवलं, त्याच दिवशी सावळीनं तांबडी कोंबडी अंड्यांवर बसवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो सावळीनं लावला.

भावना तिची सून. माहेर मुरबाडकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचं, सासर तानसाजवळचं, आणि नोकरी शहापूरच्या एका सरकारी कार्यालयात कारकुनाची. दाखल्यांचे अर्ज घ्यायच्या खिडकीवर ती चार वर्षं बसत होती. पाड्यापाड्यांवरची माणसं तिच्याशी घरच्यासारखं बोलायची, ती तसंच उत्तर द्यायची आणि रांग सरसर पुढं जायची. मग नवे साहेब आले. तिसऱ्याच दिवशी त्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि भरल्या रांगेसमोर सांगितलं, "ही पाड्यावरची बोली सरकारी खिडकीवर शोभत नाही. तुम्ही मागं रेकॉर्ड रूममध्ये बसा."

मागं खुर्चीसुद्धा नव्हती. एक स्टूल होतं, त्याचाही एक पाय दुसऱ्या कुणाचा तरी होता.

संध्याकाळी भावना घरी आली ती गप्प. सावळीनं तिच्या पुढ्यात भाकरी ठेवली आणि सगळं काढून घेतलं. सुयोग, भावनाचा नवरा, कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होता; तो तिथं होता तेच बरं, कारण तो आला असता तर "जाऊ दे" म्हणाला असता. त्याला जन्मापासून तेवढंच येतं.

"फळ्यावर एक कागद लावलाय, आत्या," भावना म्हणाली. "कुणाला जातीवरून, गावावरून, बोलण्यावरून कमी लेखलं तर तक्रार करता येते. पण घडल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत. पुढं एक दिवस गेला तरी घेत नाय."

"पंचेचाळीस म्हंजी किती?"

"दीड महिना."

"महिन्याचं मला सांगू नको. एक तिसाचा, एक एकतिसाचा, आन फेब्रुवारी तर लंगडाच. कोंबडीचं सांग."

सावळीनं बोटं मोडून हिशेब मांडला. कोंबडी बसली की एकविसाव्या दिवशी पिल्लं. तांबडी आजच बसली होती. तिची पिल्लं निघाली की त्याच दिवशी काबरी बसवायची. दोन एकवीस म्हणजे बेचाळीस. वर उरले तीन. "एक दिवस झेरॉक्सला, एक सहीला, एक माझा," सावळी म्हणाली. "मी बी येनार. बघते कोन घेत नाय त्ये."

सावळी शाळेत दुसरीपर्यंत गेली होती आणि तिसरीच्या बाईंशी भांडून परत आली होती. पण तिची मोजणी गावात कुणी खोटी ठरवली नव्हती. कुणाची म्हैस कधी विणार, कुणाची सून कधी बाळंत होणार, राब कधी भाजायचा, सगळं तिला विचारायचे. भावनानंही मान डोलावली. तसंही लगेच अर्ज देता येत नव्हता. साहेबांनी जागा बदलली होती तोंडानं. त्याचा लेखी आदेश निघून त्याची प्रत हातात यायला हवी होती, आणि प्रत रोज "उद्या" येत होती.

मग दिवस सुरू झाले, आणि ते दिवस मोठे संथ होते. मोहाची फुलं टपटप पडत होती. दुपारच्या वाऱ्याला तो गोड, जड वास असायचा, त्यानं माणसाचे डोळे उघडेच राहत नसत. सावळी पडवीत टोपलीशेजारी आडवी व्हायची. टोपलीत तांबडी अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बसलेली, शेजारी सावळी तशीच. कोण कुणाला उबवतंय, सांगता आलं नसतं.

तिकडं रेकॉर्ड रूममध्ये भावना स्टुलावर बसून जुन्या फायलींना नवे दोरे बांधायची. तिथं एकच झरोका होता. त्यातून उन्हाची एक पट्टी यायची आणि धूळ तिच्यात पोहत राहायची. भावना त्या पट्टीकडं बघत बसे. तिला वाटे, ती धूळ म्हणजे रांग आहे. माणसं तरंगत येतायत, अर्ज देतायत, पोच घेऊन तरंगत परत जातायत, कुणी कुणाला शुद्ध बोलायला सांगत नाही. मग पुढच्या खिडकीवरून आवाज येई, "काय म्हणताय तुम्ही? स्पष्ट बोला!" आणि धूळ नुसती धूळ होई.

एकविसाव्या दिवशी तांबडीची अकरा पिल्लं निघाली. सावळीनं पदर खोचला आणि काबरीसाठी अंडी आणायला शेजारच्या प्रेमाकडं गेली, कारण घरची अंडी सुयोगनं सुट्टीवर येऊन खाल्ली होती. प्रेमा पोरीसारखी, तोंडानं मऊ.

"काकी, अंडी हायत, पन ती..."

"पन काय? दे की. नऊ दे."

"न्हाय, म्हंजी ती कोंबडी..."

"तुझ्या कोंबडीचं कौतुक मला मागनं सांग. काबरी खुडूक होऊन बसलीय, ती थांबंल का तुझ्यासाठी? गोष्टी नंतर, अंडी आधी!"

प्रेमानं तोंड मिटलं आणि अंडी दिली. नऊ. चांगली थोराड होती. सरकारी शिबिरात मिळालेला चष्मा सावळीच्या घरात खिळ्याला टांगलेला होता. "माझे डोळे अजून पोरीचे हायत" म्हणून त्याला तिनं कधी हात लावला नव्हता. तिनं अंडी काबरीखाली सारली आणि मनाशी म्हणाली, प्रेमाच्या कोंबड्या खातात तरी काय!

पुन्हा दुपारी, पुन्हा मोहाचा वास. अडतिसाव्या दिवशी आदेशाची प्रत मिळाली. भावनानं चार ओळींचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला.

"आत्या, किती झाले?" ती अधूनमधून विचारायची.

"काबरी सांगंल."

काबरी काही सांगेना. सावळी टोपलीवर वाकून अंड्याला कान लावायची. आत शांत. "आळशी मेली," ती म्हणायची, "तांबडी बरी." पण बसलेल्या कोंबडीला घाई करता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि पिल्लं निघाली नाहीत म्हणजे एकवीस झाले नाहीत, हेही तिला तितकंच ठाऊक होतं. आपण चुकू, असं सावळीच्या स्वप्नातही आलं नाही. स्वप्नात आलं ते वेगळंच. तानसाच्या पाण्यावर एक खिडकी उघडी होती, आत भावना बसली होती आणि पुढं पाण्यातून रांगेनं कुणीतरी पांढरं पांढरं, डुलत डुलत अर्ज घेऊन येत होतं. माणसं नव्हती ती. सावळी उठून बसली आणि म्हणाली, "मोह जास्त झाला." तिनं तर फक्त वासच घेतला होता.

अखेर एका सकाळी टोपलीत टकटक झाली. सावळी हरखली. भावना कामावर निघाली होती, तिला हाक मारून थांबवलं. कवच फुटलं. आतून पिवळं, ओलं काहीतरी बाहेर आलं. सावळीनं ते तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, मग चरफडत उठली, खिळ्यावरचा चष्मा काढला आणि नाकावर चढवला.

"ह्याची चोच कुनी चेपली गो?"

कुंपणाशी प्रेमा उभी होती. "काकी, तवाच सांगत व्हते. बदकाची हायत ती, माझ्या म्हायेरनं आलेली. माझ्या कोंबड्यानी त्या आठवड्यात अंडी घातलीच नव्हती."

"बदक किती दिस घेतं?" सावळीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"अठ्ठावीस."

एकवीस आणि अठ्ठावीस. एकोणपन्नास. सावळी पायरीवर बसली. चष्म्यातून सगळं जग अगदी स्पष्ट दिसत होतं आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

"माझ्यामुळं गेली तुझी खिडकी," ती म्हणाली. "माझ्या तोंडामुळं. पोर दोनदा सांगाया लागली व्हती."

भावना तिच्याशेजारी टेकली. म्हणाली, "तुमच्यामुळं नाय, आत्या. चव्वेचाळिसाव्या दिवशी माझा फोन वाजला व्हता. मीच लावून ठेवला व्हता गजर. मीच बंद क्येला. मला भ्या वाटलं. म्हटलं, दिवस निघून गेला तर आपसूक सुटले. मग तुमी 'काबरी सांगंल' म्हटलं की मला बरं वाटायचं."

सावळीनं सुनेकडं चष्म्यातून नीट बघितलं. रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढं तिला आयुष्यात क्वचितच जमलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "नाय म्हनतील तर तोंडावर म्हनू दे. घरात बसून आपन कशाला म्हनायचं?"

कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर भगीरथ बसायचे. येणाऱ्या कागदावर शिक्का मारणं हे त्यांचं काम आणि शिक्का न मारण्याची कारणं सांगणं हा त्यांचा छंद. त्यांनी अर्ज वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं ठिपके दिले आणि हळहळले. "एकोणपन्नास. चार दिवस उशीर, भावनाताई. मी काय करू? जिल्ह्याला पाठवला तरी मुदतबाह्य म्हणून परत येणार."

"बदकांचं काय चालत नाय का?" सावळीनं विचारलं.

"कशाचं?"

"ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात खिडकीवर गलका झाला. मुरबाडच्या हद्दीवरच्या पाड्यातला म्हातारा धाकलू त्याच दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आला होता. खिडकीतला नवा कारकून म्हणत होता, "प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही," आणि धाकलू म्हणत होता, "जोडलाय की, बैल बी जोडलाय, काय जोडू आजून?" भावना आपोआप तिकडं गेली. धाकलूच्या खांद्याला हात लावून तिनं त्याच्या बोलीत दोन वाक्यं सांगितली. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिन्ही वेळा तो तिथंच होता.

साहेब केबिनमधून बाहेर आले.

"भावनाबाई! किती वेळा सांगायचं? ही पाड्यावरची भाषा इथं चालणार नाही. खिडकीपाशी दिसू नका. जा मागं!"

रांगेतली माणसं वळून बघू लागली. भावनाला वाटलं, धुळीची ती उन्हाची पट्टी मागून निघून इथं, तिच्या पायापाशी येऊन पडलीय. ती मागं गेली नाही. ती भगीरथांच्या टेबलाशी आली.

"काका," ती म्हणाली, "आज किती दिवस झाले?"

भगीरथांची पेन्सिल कॅलेंडरवर अडकली. ते साहेबांकडं, मग फलकावरच्या परिपत्रकाकडं, मग पुन्हा कॅलेंडरकडं बघत राहिले. शेवटी नियमच जिंकला. नियमापुढं त्यांना साहेबही दिसत नसत.

"ही घटना नवीन," ते हळूच म्हणाले. "हिला... अजून एक दिवसही झालेला नाही."

"मग कोरा कागद द्या."

"जुन्यावरच तारीख बदल की," सावळी म्हणाली.

"खाडाखोड चालत नाही, आजी."

भावनानं खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. साहेब "काय चाललंय हे?" असं तीनदा म्हणाले, पण उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. साक्षीदार म्हणून आधी धाकलूनं अंगठा दिला. मग त्याच्या मागच्यानं. रांग होतीच, ती तशीच सहीसाठी सरकू लागली. शेवटची बाई घाबरत म्हणाली, "मी पानी प्याया गेले व्हते, मला ऐकू नाय आला."

"साहेब," धाकलू अगदी अदबीनं म्हणाला, "हिच्यासाटी येकदा परत बोलता का?"

साहेब केबिनमध्ये गेले. दार लागलं. भगीरथांनी शिक्क्यावर फुंकर घातली आणि मारला.

सावळीनं पोच चष्म्याशी धरून पाहिली. अक्षरं तिला सगळी लागली नाहीत, पण शाई ओली होती. नवा कारकून खिडकीवरून मान वळवून म्हणत होता, "ताई, चौकशी होईल तेव्हा होईल, आत्ता जरा इथं बसता का? मला ह्यांचं काहीच कळत नाहीये." कुणीतरी आतून खुर्ची आणली. चारही पाय तिचेच होते.

सावळी एकटीच घरी परतली. दोन दिवसांनी दुपारी ती चष्मा लावूनच ओढ्याकडं गेली. काबरी आपलं लटांबर घेऊन काठावर आली होती, आणि लटांबर तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरलं होतं. पिवळे ठिपके डुलत डुलत, रांगेनं, लांब चालले होते. काबरी काठावर पंख आपटत, ऊर फुटेस्तोवर ओरडत होती.

सावळी तिच्याशेजारी बसली. "गप गो," ती म्हणाली. "आपल्याला पवता येत नाय म्हनून त्यांना कशाला हाका मारायच्या?"

मोहाचा वास आला. तिनं चष्मा काढला, आणि पिवळी रांग पुन्हा स्वप्नासारखी धूसर झाली.