कुंकू लावलेली फ्लॉपी

वडवणीत कॉम्प्युटर कळतो तो मला एकट्यालाच, असं मी दोन हजार एकच्या दसऱ्यापर्यंत छातीठोकपणे सांगायचो. लग्नपत्रिका छापण्याचं माझं दुकान. शिवलिंग आप्पांनी पंधरा दिवस खपून लेकीच्या, शिवांजलीच्या, पत्रिकेत साऱ्या भाऊबंदांची नावं मानाप्रमाणे लावली होती. मी ती फ्लॉपीत भरली आणि "आता कागद कशाला?" म्हणून त्यांच्यासमोर तो टराटरा फाडला!

दसरा झाला आणि फ्लॉपी उघडेना. आप्पा तर समोर उभे! चूक कबूल करायला जीभ वळेना. तेवढ्यात टेबलावरच्या पेपरातला एक भारदस्त शब्द दिसला.

"आप्पा, हा सायबर दहशतवाद आहे."

"म्हंजे?"

"कॉम्प्युटरातून हल्ला करायचा आणि लोकांत घबराट पसरवायची."

"पण आमच्या पोरीच्या पत्रिकेवर कावून?"

याचं उत्तर पेपरात नव्हतं.

आप्पा तडक पोलिसांकडे गेले. त्या दिवशी नेमका बाजार. दुपारपर्यंत गावात अतिरेकी शिरले, संध्याकाळच्या एस.टी.नं ते शिवांजलीच्या होणाऱ्या सासरी, पाटोद्याला पोचलेसुद्धा! नवऱ्या मुलाच्या वडिलांचा आप्पांना फोन आला, "जिच्यावर अतिरेक्यांचा डोळा हाय, ती सोयरीक आमाला नको." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हवालदार सुंदरराव चौकशीला दुकानात आले. मी तोंड उघडायच्या आत माझी बायको महानंदा म्हणाली, "दसऱ्याला ह्यांनी फ्लॉपी पुजली, साहेब. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाह्यलं. मी म्हणलं, नुसतं टेबलाला लावा. तर म्हणले, आपलं हत्यार हेच हाय."

सुंदररावांनी फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली. चिमूटभर कुंकू टेबलावर सांडलं.

"घबराट पसरवायची म्हणलात न्हवं? मग हितून पाटोद्यापस्तोर ती कुणी पसरवली?"

सुंदररावांनी बोटाला लागलेलं कुंकू माझ्याच कपाळाला टेकवलं आणि पाटोद्याला फोन लावला. "अतिरेकी घावलाय. लई गरीब हाय. लग्न बिनघोर करा."

लग्न झालं. आप्पांनी कॉम्प्युटरला शिवू दिलं नाही; तीनशे पत्रिका मी हातानं लिहिल्या, भाऊबंदांची नावं आठवतील तशी. त्यात आप्पांच्या थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली गेलं. मांडवात मग जे झालं, त्याला कॉम्प्युटर लागत नाही.