बेडकाचा दुसरा भाग

चांगुणामावशी व्हिडिओ गेम खेळायला बसली की आधी पदर खोचायची, मग काष्टा गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायची. भातलावणीला शेतात उतरावं तशी. पाटावर बसून, मान पुढे काढून ती टीव्हीतल्या बेडकाला दटावायची, "चल मेल्या, पाय उचल."

आमची ठाकुर्लीची बिल्डिंग मावशीच्याच भातखाचरावर, तिथली विहीर बुजवून उभी राहिली होती. जमीन विकली तेव्हा तळमजल्यावरची दोन घरं त्यांना मिळाली. मुलगा काशिनाथ नव्या टीव्हीबरोबर हा खेळ घेऊन आला आणि आठवड्यात कंटाळला. मावशी मात्र तिथून हलली नाही.

खेळात छत्रीवाले दोन बेडूक होते. विहिरींवरून उड्या मारत त्यांनी राजवाडे चढायचे. भिंत उंच आली की एकाने खाली बसायचं, दुसऱ्याने त्याच्या डोक्यावर पाय देऊन वर जायचं आणि छत्रीचा दांडा खाली सोडून पहिल्याला ओढून घ्यायचं. एकट्याचं ते काम नव्हे. म्हणून दुपारची भांडी झाली की मावशी शेजारी माझं दार वाजवायची. मला कोणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे दुसरा बेडूक मी. मी विहिरीत पडले की ती म्हणायची, "तुज्यापेक्षा आमची म्हस बरी उडी मारायची." ती स्वतः कधीच पडत नसे. हे ती भाजीवालीलाही ऐकवायची.

पण मी बदली कामगार. खरा दुसरा बेडूक म्हणजे तिची मुलगी बेबी. तिला भिवंडीकडे दिली होती. जमीन विकताना गावातल्या मुलींकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेतात, तशी बेबीकडूनही घेतली. मावशीच तिला कल्याणच्या कचेरीत घेऊन गेली होती. बेबीने मुकाट्याने सही केली आणि तेव्हापासून आईशी बोलणं टाकलं. गौरीला माहेरी यायची, जेवायची, विचारलं तर हो किंवा नाही. खेळासमोर बसली की मात्र तिला तोंड उघडावंच लागायचं. "खाली बस." "थांब, चढते." "दांडा सोड, आये." एवढ्यासाठी मावशी वर्षभर हात तयार ठेवायची.

एका वर्षी गौरी तोंडावर आल्या असताना काशिनाथने बातमी आणली, की कल्याणला याच खेळाचा दुसरा भाग आलाय. बेबीला काहीतरी नवं दाखवावं म्हणून मावशीने तो मागवला. तेव्हा दुकानात जुनी कॅसेट देऊन नवी बदलून मिळायची. तिने जुनी देऊन टाकली.

नवी कॅसेट लागली आणि मावशीचं तोंड उतरलं. उडीचं बटण दांडा सोडायच्या जागी गेलं होतं. बेडूक थांब म्हटलं तरी थांबत नव्हता. "याच्या पायाला कोनी तेल लावलाय," ती म्हणाली. पुढे राजवाडे आले, तेही जुनेच, फक्त निळे केलेले. मावशी चिडली. "याला दुसरा भाग म्हंतान? कालचाच भात हाय, फोडनी देऊन वाढलाय."

मी आपली दुसरा रिमोट दाबत होते आणि काही हलत नव्हतं. थोड्या वेळाने कळलं, यात बेडूकच एक आहे.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कल्याणच्या दुकानात गेली. तेलाचे पाय, हललेली बटणं, निळा चुना मारलेले राजवाडे, सगळं तिने मोठ्याने सांगितलं. दुकानात आलेली पोरं तिच्या बाजूने झाली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिले. दुकानदार म्हणाला, जुनी कॅसेट त्याच दिवशी विकली गेली, आणि दुसरी कुठे मिळेल असं वाटत नाही.

मावशीचा आवाज खाली आला. "मंग यात दोघी कशा खेळनार?"

तिला समजलं नाही असं वाटून त्याने शांतपणे समजावलं, "आजी, एक मेला की दुसऱ्याचा नंबर."

परतीच्या रिक्षात, घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "पन मी तं मरत नाय."

गौरीच्या दिवशी जेवणं झाल्यावर बेबी नेहमीच्या जागी येऊन बसली. मी पानसुपारी द्यायला गेले होते. मावशीने पदर खोचला, पहिल्याच विहिरीशी आली आणि उडी न मारता सरळ आत चालत गेली. मग रिमोट बेबीपुढे धरला.

बेबी पडद्याकडे बघत राहिली. "आये, तू पडलीस?"

"पडली."

बेबीने चार पावलं टाकली आणि बटणांना एक शिवी घातली. विहीर ओलांडली. मग तिने आईच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, पुढच्या विहिरीत बेडूक सोडून दिला आणि रिमोट परत केला. "घे."

मग तसंच चाललं. राजवाड्यापर्यंत कोणी जाईचना. मावशी पडायची, बेबी पडायची, आणि मधल्या वेळात दोघी मिळून बेडकाचा उद्धार करायच्या. मावशी पुन्हा एकदा बुडाली तेव्हा बेबीने रिमोट घेतला, पण खेळली नाही.

"आपली विहीर कुठशी आली गं, आये?"

"जिन्याच्या खाली," मावशी म्हणाली आणि तिला दाखवायला उठली.