वार्ताहर वाहनतळावर होता

शनिवार, बारा एप्रिल, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या गाडीची फुटलेली काच बघायला मैदानाबाहेर गेलो आणि वेदरबी कॉलेजच्या बेसबॉल संघाने शेवटच्या डावात सात धावा काढून हरलेला सामना जिंकला.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही.

एकतीस वर्षं मी वेदरबीच्या दैनिकाचं क्रीडापान लिहितोय आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते एकदाही छापलेलं नाही. गावात मला रटाळ म्हणणारे पुष्कळ आहेत, खोटा म्हणणारा एकही नाही. आमच्या कॉलेजच्या संघाचं नाव 'बगळे'. ज्याने हे नाव ठेवलं त्याला पुढचं दिसत असावं, कारण माझ्या सबंध कारकिर्दीत हा संघ एका पायावर उभा राहून समोरच्यांना धावा काढताना बघत आला. विजेतेपद एकही नाही. या जूनमध्ये मी निवृत्त होणार. त्याआधी एकदा बगळ्यांना अजिंक्यपद मिळताना बघायचं आणि त्याची बातमी लिहायची, एवढंच माझं मागणं होतं. मिळताना *बघायचं*, हा शब्द कृपया लक्षात ठेवा.

तर त्या शनिवारी आमच्याच फलंदाजाचा चेंडू कुंपणावरून वाहनतळात गेला, माझ्या गाडीची एरियल मोडून खिडकीतून आत शिरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. ध्वनिक्षेपकावरून गाडीचा नंबर पुकारला गेला. मी काचा गोळा करून परत आलो तर सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडली होती. मला वाटलं, मारामारी झाली.

मंगळवारी मी पत्रकार कक्षातल्या माझ्या खुर्चीत होतो. बगळे आधी तीन धावांनी पुढे होते, सातव्या डावापर्यंत दोन धावांनी मागे पडले. मी स्वच्छतागृहात जाऊन आलो. तेवढ्यात एक होमरन झाला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार गेला, आणि तीन धावा फळ्यावर लागल्या.

सामना संपल्यावर संघाचा कर्णधार वर आला. मातेओ क्विंटेरो. कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा; रसायनशास्त्राचा विद्यार्थी, वर्गात पहिला.

"मिस्टर हॉफस्ट्रा, सातव्या डावात तुमची खुर्ची रिकामी होती."

"स्वच्छतागृहात होतो."

"आणि शनिवारी शेवटच्या डावात?"

"गाडीपाशी."

त्याने जरा विचार केला. "दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढता येत नाही."

मला हायसं वाटलं. शिक्षणाचा काहीतरी उपयोग असतो.

"म्हणून तिसरं घेऊ," तो म्हणाला. "उद्या तुम्ही पहिल्यापासूनच बाहेर बसा."

मी तडक कोच ब्रुगमनकडे गेलो. रेनी ब्रुगमन आणि मी वीस वर्षं एकाच टेबलावर पत्ते खेळतो.

"मी असलं काही मानत नाही, आर्लो," रेनी म्हणाला. हे म्हणताना त्याने मैदानाच्या पांढऱ्या रेषेवरून टुणकन उडी मारली, कारण रेषेवर पाय पडला की संघ हरतो. "पण पोरांच्या डोक्यात बसलंय. एक दिवस बाहेर बस. हरलो की विषय संपला."

बुधवारी बगळे चौदा विरुद्ध शून्य असे जिंकले.

आणि मग ते हरेनातच. एकतीस वर्षं मी ज्यांच्या पराभवासाठी नवनवी विशेषणं शोधत होतो त्या पोरांनी एप्रिल संपेपर्यंत एकही सामना सोडला नाही. माझी जागा ठरून गेली: गवत कापायच्या यंत्राच्या शेडशेजारी, जिथे त्या शनिवारी गाडी उभी होती तिथेच, तोंड रस्त्याकडे करून. मी काच बसवायला गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्याने हात पुसले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आर्लो, मला अजून याच गावात राहायचंय."

"अरे, पाऊस आत येतो."

"प्लास्टिक देतो. फुकट."

एरियलचंही तेच. म्हणजे रेडिओही बंद. मी प्लास्टिकच्या पडद्याआड बसून आवाजावरून सामना ओळखायला शिकलो. लांब, चढत जाणारा आवाज म्हणजे आपला फटका. तुटक हुंकार म्हणजे एक बाद. पूर्ण शांतता म्हणजे पंचाचं काहीतरी चुकलंय आणि रेनी ब्रुगमन त्याच्याकडे चालत निघालाय.

बाकीचं जॉयस सांगायची. जॉयस माझी बायको. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात तिने एकही सामना पाहिला नव्हता. आता संघाच्या आग्रहावरून ती माझ्या खुर्चीत बसत होती, कारण चौदा-शून्यच्या दिवशी ती मला सँडविच द्यायला आली आणि चुकून वर जाऊन बसली होती.

"काय झालं चौथ्या डावात?" मी विचारायचो.

"त्या उंच मुलाने छान मारला."

"कोणत्या उंच मुलाने?"

"आर्लो, ते सगळेच उंच आहेत."

"नंबर काय होता पाठीवर?"

"मी चेहऱ्याकडे बघत होते. बिचारा खूप थकलेला दिसत होता."

या साहित्यातून मी बातमी तयार करायचो. प्रामाणिकपणा म्हणून प्रत्येक बातमीच्या शेवटी एक ओळ टाकायचो: 'वार्ताहर वाहनतळावर होता.'

आमची संपादक लॉरेटा. मी तिच्याकडे राजीनामा घेऊन गेलो.

"मी न पाहिलेल्या सामन्याची बातमी देऊ शकत नाही. दुसऱ्या कुणाला पाठव."

"दुसऱ्याला पाठवून काय करू?" ती मान वर न करता म्हणाली. "लोकांनी सामना पाहिलेलाच असतो. त्यांना तुझी गाडी वाचायची असते. परवाचं ते, पाऊस आत आला आणि त्याच वेळी होमरन झाला, ते तीन दैनिकांनी उचललंय. एकतीस वर्षांत तू एवढं चांगलं कधी लिहिलं नव्हतंस."

हा माझ्या कारकिर्दीतला सर्वात मोठा गौरव. तोही सामना न पाहिल्याबद्दल.

गाव माझ्याशी फार प्रेमाने वागत होतं. कुणी रूबार्बची गोड पाई आणून द्यायचं, कुणी गरम कॉफी, कुणी उशी. फक्त मी पाय मोकळे करायला फाटकाच्या दिशेने चार पावलं टाकली की सगळे एकदम उभे राहायचे. पाद्री स्वतः गाडीपाशी आले, प्लास्टिक बाजूला सारून म्हणाले, "देवाचा यात हात आहे असं मी म्हणणार नाही, मिस्टर हॉफस्ट्रा. पण तुम्ही आतच बसा. गाडीत."

मेच्या मध्यावर बगळ्यांनी विभागाचं विजेतेपद जिंकलं. ट्रॉफी मला गाडीच्या खिडकीतून दाखवण्यात आली.

राहिला अंतिम सामना. इलिनॉयमधल्या एका शहरात, मोठ्या स्टेडियमवर, ट्रास्क कॉलेजशी. ट्रास्कच्या संघाचं नाव 'खेचरं', आणि ती नावाला जागतात. मी आणि जॉयस आमच्याच गाडीतून गेलो. दुसरी गाडी न्यायची परवानगी नव्हती.

सामन्याच्या सकाळी न्याहारीच्या टेबलावर मी क्विंटेरोला गाठलं.

"मातेओ, मला एक बाद बघू दे. फक्त शेवटचा. यानंतर मी आयुष्यात बेसबॉलवर लिहिणार नाही."

त्याने पॅनकेकवर पाक ओतायचं थांबवलं. पोरगा मनाने चांगला आहे. "किती धावांची आघाडी असताना?"

"दोन."

"सहा."

"अरे, मी काय प्लेगची साथ आहे?"

चारवर तोडगा निघाला. शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात त्यांचे दोन बाद झाले आणि आम्ही चार धावांनी पुढे असलो, तर जॉयस स्टँडच्या वरच्या कठड्यावरून लाल रुमाल हलवेल. मग मी फाटकापर्यंत यायचं आणि एका डोळ्याने बघायचं. एका डोळ्याची अट क्विंटेरोची.

पाचव्या डावाच्या सुमाराला खेचराच्या कानांची टोपी घातलेल्या एक बाई गाडीपाशी आल्या. हातात लिंबाचं सरबत, काखेत गादीची घडी.

"मिस्टर हॉफस्ट्रा ना? आम्ही ट्रास्कमध्ये तुमचे लेख नियमित वाचतो."

"आभारी आहे."

"तुमच्यासाठी तिकीट आणलंय. अगदी पहिल्या रांगेत, कॅचरच्या मागे. तुमच्यासारख्या माणसाने असं उन्हात बसायचं? आम्हाला बघवत नाही हो."

मी ते तिकीट पाहिलं. एकतीस वर्षांत मी इतक्या पुढे कधी बसलो नव्हतो.

"नको. इथे बरं आहे."

"तुमचा त्या गोष्टीवर विश्वास आहे की काय?" त्यांनी डोळे मोठे केले.

"अजिबात नाही."

"मग चला ना आत."

मी प्लास्टिकचं सुटलेलं टोक आत खोचलं. "गाडीला काच नाही," मी म्हणालो. "अशी उघडी टाकून येता येत नाही."

त्या गेल्या नाहीत. शेजारी गादी अंथरून बसल्या आणि सरबत माझ्या दिसण्यात ठेवलं.

नवव्या डावात आकाश हिरवट झालं. आमच्याकडच्या कुणालाही हा रंग आवडत नाही. एक तुटक हुंकार आला, मग दुसरा: दोन बाद. जॉयस कठड्यावर आली. रुमाल तिच्या हातात होता, पण हलत नव्हता. तिने मला एक बोट दाखवलं. एकच धाव. मग तीन बोटं दाखवली आणि तोंड वाकडं केलं. म्हणजे तिन्ही बेसवर खेचरं धावायच्या तयारीत उभी होती: तिसरा बाद मिळाला तर आम्ही जिंकणार, एक चांगला फटका बसला तर ते.

आणि चक्रीवादळाचा भोंगा वाजला.

खेळ थांबला. वाहनतळावरचा रखवालदार माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "सगळ्यांनी आत. स्टँडखाली. चला."

"मी आत जाऊ शकत नाही."

"का?"

"आम्ही हरू."

त्याने माझ्याकडे बघितलं, प्लास्टिककडे बघितलं. "साहेब, हे प्लास्टिक आहे. वर वादळ आहे. उतरा."

खेचरांच्या बाईंनी आनंदाने माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि मला दंडाला धरून आत नेलं. मी डोळे मिटून चाललो. स्टँडखाली दोन्ही गावांचे लोक खांद्याला खांदा लावून उभे होते. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तिथेच क्विंटेरोने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मैदान पाहिलंत?"

"ताडपत्री दिसली. थोडीशी."

तो विचारात पडला. "ताडपत्री चालेल," तो म्हणाला. "ताडपत्रीखालचं दिसलं नाही ना?"

वादळ बाजूने निघून गेलं. वाहनतळात मात्र घोटाभर पाणी साचलं आणि रखवालदाराने तो बंद केला. आता माझं काय करायचं, यावर सभा भरली. खेचरांचं म्हणणं, हा माणूस स्वतःच्या पायांनी आत आलाय, तेव्हा त्याला पहिल्या रांगेत बसवा. रेनी ब्रुगमन म्हणाला, त्याला बसमध्ये घालून गावाबाहेर न्या. पंचांना विचारलं. त्यांनी नियमपुस्तक न उघडताच सांगितलं, "यात हॉफस्ट्रा नावाचा नियम नाही. पाच मिनिटांत खेळ सुरू."

शेवटी क्विंटेरोने स्टँडखालची कोठी शोधली. रेषा आखायच्या चुन्याच्या पिशव्या, दोन झाडू, भिंतीवर टेलिफोन. खिडकी नाही. "चार भिंती, मैदान दिसत नाही," तो म्हणाला. "तत्त्वतः हे पार्किंगच आहे."

दार त्याने लावलं, असं मी लॉरेटाला टेलिफोनवर सांगितलं. खरं म्हणजे तो धावत मैदानात गेला होता. दार मीच आतून ओढून घेतलं.

लॉरेटा अजून लाइनवर आहे. वादळाने रेडिओचं प्रसारण तुटलंय, गावात नुसती खरखर ऐकू येतेय आणि अर्धं वेदरबी तिच्या कचेरीत उभं आहे. पहिल्या पानाचा वरचा भाग तिने मोकळा ठेवलाय. आत्ता सहा वाजून वीस मिनिटं झालीत. एका धावेची आघाडी, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. जॉयस दारापलीकडे, जिन्याच्या पायरीवर चढून बघतेय.

"उंच मुलाने चेंडू हातात घेतलाय," ती म्हणाली.

"आपला की त्यांचा?"

"कपडे चिखलाने सारखेच झालेत रे."

तेवढ्यात वर प्रचंड आवाज झाला. लांब आणि चढत जाणारा. पण वर दोन गावं बसलेली आहेत, आणि कोठीच्या छतातून एका गावाचा आनंद दुसऱ्याच्या आनंदापासून वेगळा काढता येत नाही. चुन्याची एक पिशवी फळीवरून माझ्या बुटांवर पडली.

"जॉयस, काय झालं?"

"सगळे पळताहेत."

"कोण सगळे?"

"आर्लो, सगळे म्हणजे सगळे."

"काय छापू?" लॉरेटाने विचारलं. तिच्यामागे अर्धं गाव श्वास रोखून होतं.

मी तिला शेवटची ओळ आधी लिहून घ्यायला सांगितली. वार्ताहर कोठीत होता.