काचेचा जिना

देवतळेकाका कुणाच्याही घरी गेले की चहाआधी भिंत वाजवतात. बोटांच्या पेरांनी टकटक करायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पोकळ आहे." मनीषनगरातल्या आमच्या इमारतीची एकही भिंत त्यांनी पास केलेली नाही. काका बांधकाम खात्यात कारकून होते. जन्मात साधा ओटा बांधला नाही, पण बोलणं मुख्य अभियंत्याचं.

शहराबाहेर काचकलेचं संग्रहालय उघडलं आणि त्यांना नवा विषय मिळाला. "नागपूरच्या उन्हात काच. माणसं शिजतीन आतमधी." दर रविवारी कुणाला तरी सोबत घेऊन ते तिथे नावं ठेवायला जात. एकदा माझी पाळी आली.

"काका, आज नवे पाहुणे?" दारावरच्या रखवालदारानं विचारलं.

आत चक्क गारवा होता. पश्चिमेची भिंत जाड विटांची, त्यामुळे ऊन बाहेरच अडलेलं. छपराच्या काचेतून मऊ उजेड खाली येत होता आणि त्यात टांगलेली निळी-हिरवी काचेची फुलं लखलखत होती. काकांचं फुलांकडे लक्ष नव्हतं. "तो सांधा पाह्य. पावसाळ्यात गळते की नाही पाहाजो."

मधोमध एक काचेचा जिना खांबाशिवाय वळत वर गेला होता. काकांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "हा जिना तर अगदीच फालतू आहे."

काका थांबले. "जिन्याले काही म्हणू नको गा."

"का बरं?"

"माह्या पोरीनं काढला तो."

वैशालीबद्दल मला उडतउडत माहीत होतं. लागलेली सरकारी नोकरी सोडून ती पुण्याला इमारतींचे नकाशे काढायला गेली, तेव्हापासून काकांनी बोलणं टाकलं होतं.

"उद्घाटनाले बोलावलं होतं तिनं. मी गेलो नाही. ती परत गेल्यावर आलो पाहाले." काका कठड्यावरून हात फिरवत म्हणाले. "तिले ठाऊक नाही."

मी त्यांना जिन्यावर उभं करून फोटो काढला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि बजावलं, "तिले पाठवू नको."

संध्याकाळी काका माझ्या दारात.

"पाठवला का?"

"नाही. तुम्हीच नको म्हणालात."

त्यांनी चपला दारातच काढल्या. मग म्हणाले, "नंबर घे." आणि न अडखळता तिचा नंबर सांगितला.

मी फोटो पाठवला. काका घरी गेले नाहीत. खुर्ची ओढून माझ्या मोबाइलसमोर बसले.